अंश-दिवसांची वही : पेरणीपासून पक्वतेपर्यंत

बियाण्याच्या पिशवीवर ‘११० दिवस’ छापलेलं असतं. त्याच वाणाच्या दोन पेरण्या महिन्याच्या अंतराने केल्या की दोन्ही प्लॉट त्या आकड्याला जुमानत नाहीत. थंडीत सापडलेली पेरणी रेंगाळते, उकाड्यात सापडलेली आधीच तुरा काढून मोकळी होते. पिशवीवरचा आकडा खोटा नसतो, पण तो ज्या हवेत मोजला गेला त्या हवेपुरता असतो. म्हणून दिवसांसोबत उष्णताही रोज मोजायची आणि तिची बेरीज ठेवायची. या मोजमापाला ग्रोइंग डिग्री डे म्हणतात, मराठीत अंश-दिवस. कल्पना जुनी आहे: फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्ये रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज करून तिचा पीक पिकण्याशी मेळ घातला होता. पायाभूत तापमान वजा करण्याची सुधारणा पुढची.

मक्याच्या एका हंगामाची वही आम्ही कशी ठेवतो ते इथे सांगतो. मका निवडण्याचं कारण एवढंच, की त्याचे आकडे चांगले पारखलेले आहेत आणि पानं मोजायला सोपी.

आधी एका दिवसाचं गणित. कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, तीतून पायाभूत तापमान वजा करायचं. पायाभूत म्हणजे ज्याखाली वाढ थांबल्यात जमा धरतात ते तापमान. मक्यासाठी ते १० अंश सेल्सिअस आणि वरची मर्यादा ३० अंश. ३० च्या वर तापमान गेलं तरी वाढीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून कमाल ३० वरच कापायचं. समजा कमाल ३४, किमान १९. कापलेली कमाल ३०, सरासरी २४.५, वजा १० म्हणजे दिवसाचे १४.५ अंश. न कापता केलं असतं तर १६.५ आले असते. रोज दोन अंशांची ही सूज महिनाभरात ६० होते, म्हणजे चार दिवसांचा घोटाळा. याच नियमामुळे दिवसाच्या कमाईलाही आपोआप लगाम बसतो: किमान २४ असेल, तर बाहेर कितीही उकडलं तरी पदरात १७ च पडतात.

थंड दिवसाचं गणित मात्र लोकांना हमखास फसवतं. कमाल २२, किमान ४. आधी सरासरी काढली तर १३, वजा १० म्हणजे ३ अंश. आधी किमान ४ चं १० करून घेतलं आणि मग सरासरी काढली, तर १६ वजा १०, म्हणजे ६ अंश. तोच दिवस, तेच सूत्र, उत्तर दुप्पट. तापमान दिवसभर लाटेसारख्या साइन वक्राप्रमाणे चढतं-उतरतं असं धरून १० च्या वरचं क्षेत्रफळ मोजलं, तर ते येतं साधारण ४.५, दोघांच्या मधोमध. बरोबर-चूक ठरवत बसण्यापेक्षा आपल्याकडचा संदर्भाचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला आहे ते शोधा आणि तीच पद्धत वापरा. मक्याचे प्रचलित आकडे दुसऱ्या पद्धतीचे असतात, म्हणजे आधी दोन्ही टोकं कापून मग सरासरी. गव्हाचे बरेचसे आकडे पहिल्या पद्धतीचे. एका पद्धतीने मोजून दुसरीच्या तक्त्याशी ताडलं, की थंड सुरुवात असलेल्या हंगामात आठवड्याचा फरक सहज पडतो आणि दोष बिचाऱ्या बियाण्यावर जातो.

फॅरनहाइटचाही एक सापळा आहे. अमेरिकी तक्त्यांत मक्याला पक्वतेपर्यंत २७०० अंश-दिवस दिलेले दिसतील. ते सेल्सिअसमध्ये आणायला फक्त १.८ ने भागायचं: १५००. तापमान बदलताना ३२ वजा करायची हाताला सवय असते, पण इथे आपण तापमान बदलत नसतो, तापमानांमधला फरक बदलत असतो. ३२ तिथे आधीच कटलेले असतात. मोठ्या बेरजेत ही चूक लपून जाते, २७०० चे १४८२ होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. उगवणीला लागणाऱ्या ११५ मध्ये मात्र ती उघडी पडते: खरं उत्तर ६४, चुकीचं ४६.

पिकागणिक पाया वेगळा. गव्हाला बहुधा शून्य धरतात, वाटाण्याला ४.४, मका, सोयाबीन आणि द्राक्षाला १०, कापसाला १५.५. मक्याचा पाया घेऊन कपाशीचं गणित करू नये हे सांगायची गरज नाही वाटेल, पण हवामानाची तयार माहिती देणाऱ्या यंत्रांत आणि ॲपमध्ये १० हा आकडा मुळातच भरून ठेवलेला असतो आणि तो बदलायचं राहून जातं.

आता तापमापक. सूत्रावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि तापमापक गोठ्याच्या पत्र्याच्या भिंतीला टांगतात. हिशोब करून बघा: तापमापक १ अंश जास्त दाखवत असेल, तर १०० दिवसांत १०० अंश-दिवस फुकटचे जमा होतात. रोजची कमाई १५ धरली तर जवळपास ७ दिवस झाले. कोणत्याही सूत्राच्या बारकाव्याने होणार नाही इतकं नुकसान एका खिळ्याने होतं. (कमाल रोज ३० च्या वरच जात असेल तर कमालीतली चूक कापणीत निघून जाते. किमानातली राहते. म्हणून तापलेल्या भिंतीजवळचा तापमापक रात्री जास्त घात करतो.)

जागा अशी हवी: जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची, खाली गवत किंवा मोकळी माती, काँक्रीट नको. भिंत, विहिरीचं बांधकाम, पाण्याची टाकी, दाट झाडं यांपासून लांब. तापमापकाला थेट ऊन लागता कामा नये आणि वारा मात्र लागला पाहिजे, त्यासाठी पांढरी झडपांची पेटी किंवा बशांवर बशा रचल्यासारखं दिसणारं पांढरं कवच. नुसत्या सावलीत, बिनपेटीचा टांगलेला सेन्सर दुपारी काही अंशांनी चढा निघतो, कारण जमिनीवरून परतलेली उष्णता त्याला खालून भाजते. कवचाच्या फटींत कोळिष्टकं आणि गांधीलमाशीची घरं होतात, धूळ बसून पांढरा रंग मातकट होतो. दोन्हींनी वाचन वर सरकतं. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायचं.

हंगामाआधी शून्याची परीक्षा घ्यावी. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ गच्च भरायचा, फटी भरतील इतकंच स्वच्छ पाणी घालायचं, ढवळायचं, आणि सेन्सर जलरोधक असेल तर टोक बुडवून दहा मिनिटं थांबायचं. वाचन शून्य यायला हवं. ०.६ आलं तर ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि पुढे प्रत्येक वाचनातून वजा करायचं. बर्फ थोडा आणि पाणी जास्त झालं तर मिश्रणच शून्याला नसतं आणि चांगल्या तापमापकाला आपण वाईट ठरवतो.

स्वतःचा तापमापक नसेल तर जवळच्या हवामान केंद्राची नोंद चालते, फक्त उंचीचा फरक बघावा. किलोमीटरभर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे २०० मीटरला १.३ अंश. मोबाइलवर दिसणारं तापमान बहुधा मोठ्या चौकोनाचा अंदाज असतो. डोंगरउताराच्या शेताला तो लागू पडेलच असं नाही.

वाचायची वेळ हा विषय किरकोळ वाटतो, पण आहे मोठा. कमाल-किमान तापमापक आपण रोज वाचून पुन्हा शून्यावर, म्हणजे त्या क्षणाच्या तापमानावर आणतो. संध्याकाळी चारला तो ३३ वर आणला आणि दुसरा दिवस ढगाळ निघून २६ च्या वर गेलाच नाही, तरी तापमापक दुसऱ्या दिवशीही कमाल ३३ च दाखवणार. एक उन्हाचा दिवस दोनदा जमा झाला. पहाटे वाचलं तर उलट: एक कडाक्याची पहाट दोन दिवसांच्या किमानात बसते आणि बेरीज मागे राहते. रात्री नऊच्या सुमारास वाचलं तर दोन्ही टोकं बहुतेक वेळा टळतात. सकाळीच जमत असेल तर निदान इतकं पाळावं: दिसणारी कमाल कालच्या ओळीत, किमान आजच्या ओळीत. तासातासाची नोंद ठेवणारं यंत्र असेल तर हा सगळा त्रास संपतो. प्रत्येक तासाचं तापमान १० आणि ३० च्या मधे कापून घ्यायचं, १० वजा करायचे, २४ तासांची बेरीज करून २४ ने भागायची. फक्त ही बेरीजही कमाल-किमानावरून काढलेल्या तक्त्याशी तंतोतंत जुळणार नाही, हे ध्यानात असू द्या.

स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने पुरतात: तारीख, कमाल, किमान, कापलेली कमाल, कापलेली किमान, दिवसाचे अंश, बेरीज आणि शेतातली नोंद. कापलेल्या रकान्यांचं सूत्र एकच, आधी ३० आणि वाचन यांतलं लहान घ्या, मग ते आणि १० यांतलं मोठं घ्या. वाचन राहून गेलेल्या दिवसांचं काय करायचं हे मात्र आधीच ठरवा. रिकामी खोली स्प्रेडशीटचं लहान निवडणारं सूत्र (MIN) सोडून देतं आणि ३० च उचलतं. कापल्यावर दोन्ही ३० होतात, दिवसाचे अंश २०, आणि कुठेही चूक दिसत नाही. पाच दिवस गावाला गेलात की १०० अंश-दिवस गुपचूप जमा झाले. मागच्या-पुढच्या दिवसांची सरासरी टाका आणि ती वेगळ्या रंगात ठेवा.

मोजणी सुरू कधी करायची? मक्याला पेरणीपासून, पण बी ओलाव्यात पडलं असेल तरच. कोरड्यात पेरून पाऊस आठ दिवसांनी आला तर ते आठ दिवस हिशोबात धरायचे नाहीत. कोरड्या बियाला उष्णतेचा काही उपयोग नसतो. उगवणीला साधारण ६४ अंश-दिवस लागतात आणि ते खरं तर मातीचे असतात, हवेचे नव्हेत. सहा पानांपर्यंत मक्याचा शेंडा, म्हणजे वाढीचा कोंब, जमिनीखालीच असतो, त्यामुळे तोवर मातीचं तापमान त्याला जास्त कळतं. काळ्या प्लॅस्टिकचं आच्छादन असेल तर रोप आपल्या वहीच्या पुढे पळतं, गार ओल्या मातीत मागे राहतं. यावर सोपा तोडगा म्हणजे निम्मी रोपं वर दिसली त्या तारखेला दुसरी मोजणी नव्याने सुरू करणं. पेरणीपासूनची बेरीज आणि उगवणीपासूनची बेरीज, दोन्ही चालू ठेवायच्या. पुढच्या अवस्थांना उगवणीपासूनची जास्त खरी ठरते.

भातखाचरात हाच प्रश्न पाण्याचा होतो, कारण लोंबीची सुरुवात होईपर्यंत भाताचा कोंब पाण्याखाली असतो.

आता शेतात जायचं. सलग नसलेली, बांधापासून आत असलेली वीस रोपं रंगीत दोऱ्याने खुणावून ठेवा. पान मोजायचं ते गळपट्टी दिसली तरच: पातं जिथे देठाच्या आवरणाला मिळतं तिथे फिकट पट्टी पूर्ण उमटलेली हवी. पोंग्यातून डोकावणारी टोकं मोजू नका. सर्वांत खालचं गोल टोकाचं पान हे पहिलं. खोड जाडावलं की खालची पानं फाटून गळतात आणि मोजणाऱ्याला सहाव्या पानालाच पहिलं समजण्याचा मोह होतो. म्हणून पाचव्या पानाचं टोक वेळीच कात्रीने आडवं कापून ठेवायचं किंवा त्यावर मार्करने रेघ मारायची. दहा पानांपर्यंत साधारण ४६ अंश-दिवसाला एक पान येतं, त्यानंतर सुमारे २८ ला एक. उगवणीनंतर ३०० जमा झाले असतील तर ३०० भागिले ४६ म्हणजे साडेसहा. शेतात सहा गळपट्ट्या दिसायला हव्यात. सहा दिसल्या तर घड्याळ बरोबर चाललं आहे. चारच दिसल्या तर पिकाला दोष द्यायच्या आधी तापमापक बघा, मग मातीचा गारवा, मग पाणी साचणं. बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबावं लागतं.

अंदाज बांधायची पाळी सहाव्या-आठव्या पानानंतर येते. समजा तुमच्या वाणाला पेरणीपासून कणसाचे केस बाहेर यायला ७८० लागतात आणि आज बेरीज ५०५ आहे. उरले २७५. पुढच्या तीन आठवड्यांत त्या तारखांना रोज किती मिळतात ते मागच्या वर्षांच्या नोंदीतून काढा, १४.५ असेल तर १९ दिवस. इथेच थांबू नका. थंड वर्षाचे १२.५ घेऊन २२ येतात, गरम वर्षाचे १५.५ घेऊन १८. तेव्हा सांगायचं ‘१८ ते २२ दिवसांत’, आणि पाण्याची पाळी १८ धरून आखायची, कारण केस बाहेर येताना ताण पडला तर दाणा भरणं चुकतं. एकच तारीख सांगणारा माणूस बहुधा पुढचे तीन आठवडे आजच्यासारखेच जातील असं मनात धरून बसलेला असतो. हवामानाचा अंदाज पहिल्या पाच-सात दिवसांसाठी वापरा, त्यापुढे सरासरीच बरी.

हे घड्याळ कुठे फसतं? पाण्याच्या ताणात सर्वांत जास्त. ताणातला मका तुरा जवळपास वेळेवर काढतो, पण केस मागे पडतात. दोन्हींमधलं अंतर वाढलं की बेरजेला ते कळत नाही. गव्हात उलट होतं, शेवटी पाणी तुटलं की तो लवकर पिवळा पडतो आणि कमी अंशांत संपतो. शिवाय तहानलेल्या पानाचं तापमान हवेपेक्षा चढतं, आपण मात्र हवाच मोजत असतो. दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. सोयाबीन आणि ज्वारी लहान दिवसाची पिकं. पेरणी उशिरा झाली की दिवस लहान होत गेल्याने ती कमी अंश-दिवसांतच फुलतात. तिथे रोजच्या अंशांना दिवसाच्या तासांनी गुणून मोजण्याची पद्धत आहे, आणि ती नुसत्या अंशांपेक्षा चांगली चालते. थंडीची गरज असलेल्या हिवाळी गव्हाला तर आधी काही आठवडे गारवा मिळाल्याशिवाय उष्णता मोजण्यात अर्थ नसतो.

किडींना ही बेरीज पिकापेक्षाही चांगली लागू पडते, कारण अंडी आणि अळ्यांचा वेग जवळजवळ सगळा तापमानावर ठरतो. सफरचंदावरच्या कॉडलिंग पतंगाचं उदाहरण प्रसिद्ध आहे: पाया १०, वरची मर्यादा ३१.१, आणि मोजणी सुरू होते कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग सातत्याने येऊ लागल्याच्या दिवसापासून. त्यानंतर सुमारे १३९ अंश-दिवसांनी अंडी फुटू लागतात, आणि फवारणीची वेळ तिथून ठरते. सापळ्यात एखादाच चुकार पतंग आला की लोक मोजणी सुरू करतात. मग पुढची सगळी साखळी चार-पाच दिवस आधी धावते.

आपल्या वाणाचा पाया माहीत नसेल तर तो काढता येतो, थोडी चिकाटी हवी. एकच वाण वेगवेगळ्या तारखांना पेरा. समजा पहिल्या पेरणीला फुलोऱ्यापर्यंत ८० दिवस लागले आणि त्या काळाचं सरासरी तापमान २० होतं. दुसरीला ६० दिवस, सरासरी २४. दोन्हीकडे बेरीज सारखीच यायला हवी असं धरून मांडा: ८० गुणिले (२० वजा पाया) बरोबर ६० गुणिले (२४ वजा पाया). पाया येतो ८ आणि बेरीज ९६०. आता याच हिशोबातली धास्ती बघा. दुसऱ्या पेरणीचा फुलोरा तीन दिवस उशिरा नोंदला गेला, ६० ऐवजी ६३, तर पाया ८ वरून थेट ५.२ वर येतो. म्हणून दोन पेरण्यांवर विसंबू नये. चार-पाच हव्यात, आणि त्यांच्या तापमानांत चांगलं अंतर हवं. मग प्रत्येक पेरणीसाठी १ भागिले दिवस हा वेग काढायचा, तो सरासरी तापमानासमोर आलेखावर मांडायचा आणि बिंदूंमधून सरळ रेघ ओढायची. रेघ जिथे वेग शून्य दाखवते ते पायाभूत तापमान. ‘फुलोरा’ म्हणजे निम्म्या रोपांवर फूल, ही व्याख्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात एक दिवसाआड शेतात जा. अति उन्हात सापडलेल्या पेरणीचा बिंदू रेघेच्या खाली पडत असेल तर तो ओढूनताणून बसवू नका; तिथे रेघ मुळात वाकलेलीच असते.

शेवटची नोंद पक्वतेची. १५०० च्या वाणाला १४५० झाले की कणसं तपासायला लागायचं. दहा कणसं घ्या, प्रत्येकाच्या मधल्या भागातला दाणा काढा आणि ज्या टोकाने तो बुरकुंडाला चिकटलेला होता ते टोक नखाने खरवडा. काळी रेघ दिसली की दाण्याला मिळणारा पुरवठा बंद झाला. शेंड्याकडचे दाणे आधी काळे होतात, त्यांच्यावर जाऊ नका. या वेळी दाण्यात साधारण ३० ते ३५ टक्के ओल असते, आणि पुढचं वाळणं हवेतल्या दमटपणावर आणि वाऱ्यावर जास्त अवलंबून असल्यामुळे अंश-दिवस तिथे थांबवायचे. कडाक्याच्या थंडीने किंवा रोगाने रोप आधीच मेलं असेल तरीही काळी रेघ येते, बेरीज १३०० असतानाच. तसं झालं असेल तर त्या वर्षाचा आकडा वाणाचा म्हणून धरू नये, ओळीसमोर कारण लिहून ती सरासरीतून वगळावी.